टीव्हीवरची लाल पट्टी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे नामदेवरावांच्या बैलांची गोष्ट निघेल, तिथे तुमचं हसू अडखळेल, आणि तो दोषही माझ्याच नावावर लागेल. माझ्या नावावर आधीच कमी नाहीत.

मी पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. तिथेही माझ्या चुका झाल्या, नाही असं नाही. पण सरकारी कचेरीत चूक झाली की तिच्यावर वरिष्ठांची सही होते, आणि सही झाली की ती चूक उरत नाही. ही चूक मात्र निवृत्तीनंतरची. सही करायला वर कोणीच नव्हतं!

आमचं घर घाटंजीला. गल्लीत मला सगळे 'बडे बाबू' म्हणतात. बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क. मी हेडक्लार्क कधीच झालो नाही; खात्याला जे तीस-पस्तीस वर्षांत जमलं नाही ते गल्लीनं मी निवृत्त झालो त्याच दिवशी करून टाकलं. मीही गप्प राहिलो. बढती नाकारण्याची सवय आम्हा लोकांना नसते.

ती कापसाची वाईट वर्षं. जिल्ह्यात सारखं कोणी ना कोणी पाहणी करायला यायचं. पांढऱ्या गाड्या यायच्या, मागून कॅमेरे यायचे. काय पाहून जायचे कोण जाणे, कारण ते गेल्यावरही भाव होता तिथंच असायचा. कॅमेरेवाले पानठेल्यावरच्या माणसालासुद्धा विचारायचे, "आपको क्या लगता है?" मला मात्र कोणी विचारलं नाही. आणि मला तर कापसाविषयी इतकं वाटत होतं की वाटून वाटून पित्त होत असे!

मग मी लेख लिहायला घेतला. 'कापसाचे भाव : एक चिंतन'. वर्तमानपत्रांना पाठवला. छापला कोणीच नाही. पण परतही कोणी पाठवला नाही, म्हणजे ठेवून घेतला असणार. त्या बळावर मी दुसरा लिहायला बसलो.

लिहायला पोरानं पुण्याहून त्याचा जुना कॉम्प्युटर आणून दिला होता. त्याचा मॉनिटर म्हणजे भलीमोठी पोट सुटलेली पेटी. एके दिवशी लोडशेडिंग संपून वीज आली ती अशी आली, की पेटीतून आधी 'फट्' आणि मग धूर. मी रफिकभाईला बोलावलं. स्टँडजवळ त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे.

त्यानं झाकण उघडून आत फुंकर मारली. "गया बडे बाबू. खाक झाला."

"दुरुस्त?"

"होते ना. पण कायले? दिवाळीले पोरानं चपटा टीव्ही पाठवला न तुमाले? त्यालेच जोडून देतो. एक वायर लागते फक्त."

"टीव्हीला कॉम्प्युटर चालतो?"

"टीव्हीले काय समजते जी! जे भराल ते दाखवते. तो थोडी पाहून राह्यला, अंदरून काय येऊन राह्यलं ते!"

हे वाक्य मी तेव्हाच कुठेतरी टाचून ठेवायला हवं होतं.

दुपारी जोडणी झाली. काय सांगू! माझा लेख भिंतीवर उभा. एकेक अक्षर लिंबाएवढं. रिमोटचं एक बटण दाबलं की केबल, पुन्हा दाबलं की माझं चिंतन. जाता जाता रफिकभाईनं आणखी एक गंमत दाखवली. कॉम्प्युटरला थोडा वेळ हात लावला नाही, की पडद्यावर आपोआप एक ओळ सरकू लागते, उजवीकडून डावीकडे. त्या ओळीत काय लिहायचं ते आपल्या हातात. रफिकभाईच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर 'हाथ मत लगाओ' असं सरकत असे.

"तुमच्यात काय लिहू? वेलकम लिहू?"

"सरक," मी म्हटलं. "मी लिहितो."

आणि मी माझ्या लेखाचं शेवटचं वाक्य लिहिलं. 'कापूस विकण्याची घाई करू नये. भाव नक्की वाढणार!' मागे लाल रंग, वर पिवळी अक्षरं. रंग मीच निवडले. दिसायला बरे दिसले म्हणून. देवाशपथ, दुसरा काही हेतू नव्हता.

आता नामदेवराव. हे आमच्या समोर राहतात. आठ एकर शेती, स्वभाव शांत, आवाज मोठा. त्यांच्या टीव्हीवर मुंग्यांशिवाय काही दिसत नसे म्हणून रोज संध्याकाळी बातम्यांना आमच्याकडे यायचे. त्या वर्षी त्यांच्या समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला, आणि घरची माणसं ओसरीत झोपलेली. तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगतो, कापूस घरात भरून ठेवणं हा आमच्याकडचा जुगार आहे. आज विकावा की थांबावं? थांबलं तर भाव वाढेलही. पण कापूस वाळून वजन घटतं, रंग पिवळा पडतो, आणि अंगाला खाज सुटते ती वेगळीच.

नामदेवराव मात्र थांबणार नव्हते. त्यांचा एक बैल पोळ्यापासून लंगडत होता, दुसरा म्हातारा. पारवा गावच्या एका ओळखीच्या माणसाकडे त्यांनी जोडी पाहून ठेवली होती. एक पांढरा, एक बांडा. बांडा म्हणजे अंगावर पांढरे पट्टे असलेला. तोंडी बोलणं पक्कं झालं होतं. कापूस गेला की जोडी दारात. महिनाभर दुसरा विषय नव्हता. "बडे बाबू, त्या बांड्याची चाल पाहाल तं बातम्या इसरून जासान!" मी त्यांना माझ्या लेखाविषयी सांगायचो, ते मला बांड्याविषयी. दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नसे.

नेमकं मी पट्टी लिहिली त्याच संध्याकाळी त्यांच्या दारात व्यापाऱ्याची मेटॅडोर उभी राहिली. काटा टांगला. तिकडे कापूस भरायला बोरे उघडत होते आणि इकडे आमच्या हिनं मला कोथिंबीर आणायला पिटाळलं. मी टीव्ही तसाच सोडून गेलो.

परत येतो तर मेटॅडोर रिकामी चाललेली! व्यापारी पुढे बसून हातवारे करतोय. मला वाटलं, भाव फिसकटला असेल.

घरात हिनं सांगितलं, "नामदेवराव येऊन गेले. चहा ठेवते म्हटलं तर थांबलेच नाहीत. टीव्हीपुढं जरा उभे राहिले अन् पळाले."

"बातम्या पाहायला आले असतील."

"बातम्या कुठल्या? तुमचंच काहीतरी लालभडक सुरू होतं त्याच्यावर. हे पाहा, दिवसा काय ते चिंतन करा. संध्याकाळी टीव्ही माझा. माझ्या सिरियलच्या वेळेला मला तुमची अक्षरं नकोत."

तह झाला. दुपारी कॉम्प्युटर, संध्याकाळी केबल. म्हणजे संध्याकाळी येणाऱ्या माणसाच्या नजरेला ती पट्टी पुन्हा पडण्याचा संबंधच उरला नाही. पडली असती तर दुसऱ्याच दिवशी उलगडा झाला असता. पण संसारातले तह असे चुकीच्या वेळीच यशस्वी होतात.

सकाळी नामदेवराव दात घासत उभे होते.

"काय हो, कापूस दिला नाही?"

"नाई देला." त्यांनी डोळा बारीक केला. "तुमाले तं सारं माहीतच आहे, बडे बाबू. थांबतो म्हटलं थोडसाक."

"शाबास!" मी म्हटलं.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, महिनाभर कानीकपाळी ओरडलो ते शेवटी पटलं! माणूस हळू पटतो पण पटतो. मी इतका खूश झालो की बैलांविषयी विचारायचंही राहून गेलं.

आणि मग एकेक जण पटायला लागला. गल्लीतल्या दोघांनी कापूस रोखला. बाजाराच्या दिवशी लोक एकमेकांना सांगू लागले, "थांबा बाप्पा, भाव वाढून राह्यले." मी भाजी घेता घेता ऐकत होतो. कानाला इतकं गोड लागत होतं की वांगी किडकी आली.

आठवड्यात नेरहून मेहुण्याचा, वसंताचा फोन. हिच्या वडिलांनी हिला तिथे तीन एकर जमीन दिली आहे. वसंता ती वाहतो, कापूस विकायचा की नाही हे मला विचारतो, आणि मग त्याला हवं ते करतो.

"भाऊजी, मी काय म्हणतो, आपला कापूस ठेवू द्या. भाव वाढणार हाये."

"मी कधीपासून हेच सांगतोय!"

"तुमचं नाई जी! टीव्हीवर आलं."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. "काय म्हणतोस! कोणत्या चॅनेलवर?"

"ते नाई मालूम. पण बाजारात घाटंजीकडचा एक माणूस भेटलता. त्याच्या गावच्या माणसानं सोताच्या डोयानं पाह्यलं. लाल पट्टी येऊन राह्यली होती म्हणे."

आता इथे तुम्ही हसला. हसा! तुम्हाला कळलं. मी चार बुकं शिकलेला, दोन वर्तमानपत्रं वाचणारा माणूस, मला कळलं नाही. मी फोन ठेवला आणि हिला म्हणालो, "पाहिलंस? तज्ज्ञसुद्धा माझ्यासारखंच म्हणतात!" त्या आनंदात वसंताला पुन्हा फोन केला आणि बजावलं, "बोंडभरही विकू नकोस."

भावाला मात्र कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तो सुरुवातीला होता तिथे राहिला, मग हळूच एक पायरी उतरला, मग बसत बसत उतरू लागला. घरोघरी कापूस पिवळा पडायला लागला. गल्लीत सगळे खाजवत होते. बोलताना खाजवायचे, हसताना खाजवायचे, मारुतीच्या देवळात एका हातानं घंटा वाजवायचे आणि दुसऱ्या हातानं पाठ.

एका संध्याकाळी नामदेवराव आले ते एकटे नव्हते. मागे गल्लीतली आणखी पाच-सहा माणसं. पारव्याहून निरोप आला होता, की दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, या बाजारापर्यंत थांबतो, पुढे नाही.

"बडे बाबू," नामदेवराव खाली बसत म्हणाले, "ते चॅनेल लावा."

"कोणतं?"

"ज्याच्यावर कापसाचं सांगतलं तेच. पाहू तं खरं, आता काय म्हणून राह्यले."

मी उत्साहानं रिमोट घेतला. मलाही ते चॅनेल पाहायचंच होतं. एक लावलं.

"हे नाई."

दुसरं लावलं. तिसरं. बातम्या, भजन, क्रिकेट, साबण.

"हे नाई जी. त्याच्यावर बाई नव्हती."

"बातम्या सांगणारी बाई नव्हती?"

"कोणीच नव्हतं! ना बाई, ना बुवा, ना जाहिरात. एकदम साधं. पूर्ण लाल, अन् नुसती पट्टी चालून राह्यली होती. चुपचाप."

"म्हणून तं खरं वाटलं," मागून एक जण म्हणाला. "जाहिरात करत नाई तो खोटं कायले बोलंल?"

असलं सज्जन चॅनेल माझ्या पाहण्यात नव्हतं. दोनदा सगळी केबल पालथी घातली. अंगठा दुखला. शेवटी माझा कोपर कीबोर्डला लागला, रिमोटचं कोणतं तरी भलतंच बटण दाबलं गेलं, पडद्यावर माझं अर्धवट चिंतन उभं राहिलं, आणि मी रिमोट ठेवून दिला. ही चहा घेऊन आली. कप फिरले. बशीत चहा ओतून माणसं फुंकर मारत होती, खाजवत होती, आणि तेवढ्यात सगळा पडदा लाल झाला.

उजवीकडून पिवळी अक्षरं आली. लिंबाएवढी. 'कापूस विकण्याची घाई...'

"हेच! हेच चॅनेल!" नामदेवराव उभेच राहिले. "पाह्य, मी म्हटलं होतं न! अजूनही तेच सांगून राह्यले! भाव नक्की वाढणार!"

सगळे उभे. कोणी तरी टाळीसुद्धा वाजवली. बसून होतो तो मी एकटा. बशी हातात वाकडी झाली होती आणि चहा धोतरावर सांडत होता. मला चटका कळला नाही.

तोंड बंद ठेवता आलं असतं का? आलं असतं. केबल गेली म्हणता आलं असतं. पण बाजार दोन दिवसांवर होता आणि हा माणूस घरी जाऊन पारव्याला नाही म्हणून कळवणार होता.

"नामदेवराव," मी म्हटलं, "ते चॅनेल नाही. तो माझा कॉम्प्युटर आहे."

"हो का? तुमच्या कॉम्प्युटरवर बी येते?"

"येत नाही. मी लिहिलंय ते."

"तुमाले कोणं सांगतलं होतं?"

"कोणी नाही. मला तसं वाटत होतं. माझं मत होतं ते."

सगळ्यांचं खाजवणं थांबलं. नामदेवरावांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पट्टी आपली सरकतच होती.

"मत," ते म्हणाले. रागानं नाही हो, कुतूहलानं. "टीव्हीत मत कायले टाकलं, बाबूजी? तोंडानं सांगतलं असतं तं मी आयकलंही नसतं."

खरंच होतं. महिनाभर तोंडानं सांगितलं तेव्हा त्यांनी शहाण्यासारखं ऐकलं नव्हतंच.

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "अन् नेरचा आपला कापूस हो? तो कोणाच्या सांगण्यावरून ठेवला?"

मी मनातल्या मनात मागे मागे गेलो. वसंताला नेरच्या बाजारात कोणी सांगितलं. त्याला घाटंजीकडच्यानं. त्याला नामदेवरावांनी. नामदेवरावांना टीव्हीनं. टीव्हीला... माझा चेहरा पाहून नामदेवरावांनाच आधी उमगलं. ते हसले. आधी हळू, मग छत हलेल असं. मग सगळेच हसले. मला बरं वाटलं. वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी नामदेवरावांनी मिळेल त्या भावानं कापूस दिला. काट्यावर वजन कमी भरलं, रंगासाठी आणखी कापलं. जे हाती आलं त्यात एक बैल बसत होता. पारव्याचा माणूस म्हणाला, जोडी फोडत नाही. त्याचंही बरोबरच होतं. सोबत वाढलेली जनावरं. मी माझ्याकडची रक्कम पुढे केली. नामदेवरावांनी माझा हात हलकेच बाजूला केला. "राहू द्या बाबूजी. तुमचाही कापूस बसलाच हाये."

जोडी गेली कुठे लांब? नाही. आमच्याच गावच्या एका विटावाल्यानं घेतली. रोज सकाळी विटांनी भरलेली बैलबंडी आमच्या गल्लीतून जायची. एक पांढरा, एक बांडा. नामदेवराव दात घासत उभे असायचे. बंडी दिसली की त्यांचा हात थांबायचा. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तसेच उभे. मला पाहिलं की म्हणायचे, "चाल पाह्यली बांड्याची?" मी 'हो' म्हणायचो. खरं सांगतो, माझं लक्ष बैलाकडे कधी गेलंच नाही. त्या थांबलेल्या हाताकडेच जायचं. त्या वर्षी त्यांनी पेरणी दुसऱ्याचे बैल मागून केली, सगळ्यांची आटोपल्यावर, मागाहून.

मी पट्टी पुसून टाकली. चिंतन बंद केलं. रफिकभाईकडून जुना मॉनिटर दुरुस्त करून आणला आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवला.

पुढच्या हंगामात वेचणी सुरू झाली आणि एका संध्याकाळी नामदेवराव येऊन बसले. चहा घेतला. मग घसा साफ करून म्हणाले, "बडे बाबू, यंदा काय वाटते तुमाले? ठेवा का विका?"

मला भरून आलं. एवढं होऊनही हा माणूस मला विचारतो! केवढं मन! मी चष्मा लावला, जमवलेली कात्रणं काढली, गेल्या वर्षीची चूक होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी विचार केला आणि जबाबदारीनं सांगितलं, "विकून टाका. यंदा भाव पडणार."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी मान डोलावली, हात जोडले आणि गेले.

त्या वर्षी भाव असा चढला की म्हाताऱ्यांनीही तसा पाहिला नव्हता. होळीच्या सुमारास नामदेवरावांच्या दारात नवी जोडी उभी राहिली. दोन्ही पांढरे, शिंगांना तेल लावलेलं. मी गेलो, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, पण राहवेना.

"नामदेवराव, मी तर तुम्हाला विकून टाका म्हटलं होतं."

"होय ना जी. म्हणून तं ठेवला!" ते मोकळेपणानं म्हणाले. "मीच नाई, साऱ्या गल्लीनं ठेवला. तुमचं मत इचारल्याशिवाय आता कोणी काही करत नाई." मग त्यांच्या तोंडावर एकदम काळजी दिसली. "तुमचा नेरचा कापूस तं ठेवला असंल ना, बाबूजी?"

तो मी पहिल्याच वेचणीला विकून मोकळा झालो होतो. अख्ख्या तालुक्यात माझ्या मतावर विश्वास ठेवणारा एकच माणूस उरला होता, आणि तो मी होतो.